ऑफिसचा गाळा, डान्स स्टुडिओ आणि मधल्या तपासण्या: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

तळमजल्यावरचा गाळा, ४० फूट रुंद आणि ७५ फूट खोल, म्हणजे ३,००० चौरस फूट. आधी तिथे हिशेबाचं ऑफिस होतं. टेबलं, कपाटं, मागे दोन टॉयलेट, पुढे काचेचं एकच दार. ते लोक गेले आणि नाच व व्यायामाचे वर्ग चालवणाऱ्या एका बाईंनी गाळा भाड्याने घेतला. त्यांना इथे नुसतं मॅडम म्हणतो, साइटवर सगळे तेच म्हणायचे. माझं काम आर्किटेक्ट, काँट्रॅक्टर आणि परमिट ऑफिस यांच्यामधली धावपळ बघायचं, कुठला कागद कुठे अडकलाय, कोण कधी तपासायला येणार, त्याआधी साइटवर काय उघडं राहिलं पाहिजे हे सगळं. जागा, माणसं ओळखू येतील असं काही इथे ठेवलेलं नाही.

काम ऐकायला साधं होतं. ऑफिसची पार्टिशन काढायची, लाकडी फ्लोअरिंग टाकायचं, एका भिंतीला आरसे, दोन चेंजिंग रूम आणि प्रत्येकीत एक शॉवर, एसीचे डक्ट नव्याने फिरवायचे, लाइट बदलायचे, वरून जिप्समचं फॉल्स सीलिंग. सगळ्यांच्या डोक्यात हे इंटिरियरचं काम होतं. काँट्रॅक्टरने कोटेशनही तसंच दिलेलं, त्यात तपासणी हा शब्द एकदाच आला होता, अगदी शेवटच्या ओळीत, "फायनल इन्स्पेक्शन" म्हणून. भाडेकरार आधीच सही झालेला आणि भाडं एका ठरलेल्या तारखेपासून चालू होणार होतं, काम संपो न संपो.

अडचण कुठे आली

परमिटच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला तो आत एका वेळी किती माणसं असणार हा. मॅडम म्हणाल्या एका बॅचला पंचवीस, फार तर तीस. पण नियम असं विचारतच नाही. तुमची बॅच किती हे तुमच्या हातात, उद्या तुम्ही ती दुप्पट कराल, म्हणून मोजणी होते ती क्षेत्रफळावरून. नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, या जागेला इंटरनॅशनल बिल्डिंग कोडवर (अमेरिकेत तयार झालेली बांधकामाची नियमावली) बेतलेले नियम लागू होते. त्यात (नव्या आवृत्त्यांत) ऑफिससाठी माणशी १५० चौरस फूट धरतात आणि व्यायामाच्या खोलीसाठी माणशी ५०. म्हणजे तोच गाळा, त्याच भिंती, पण ऑफिस म्हणून २० माणसांचा आणि स्टुडिओ म्हणून ६० माणसांचा.

आता ५० हा आकडा या सगळ्या खेळातला मुख्य उंबरठा. ४९ पर्यंत अशा जागेला बाहेर पडायला एक वाट चालते, त्यापुढे दोन लागतात. ५० झाले की दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी पाहिजेत, कारण घाबरलेली गर्दी दाराला टेकली की आत उघडणारं दार कोणालाच ओढता येत नाही. आणि ५० झाले की जागेचा वर्गच बदलतो, ती ऑफिस किंवा धंद्याच्या वर्गातून लोक जमण्याच्या जागेच्या वर्गात जाते. म्हणजे इंटिरियर म्हणून जे चाललं होतं तो कागदावर वापर बदल झाला आणि मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे जागा त्या वापराला योग्य असल्याचा दाखला, नव्याने, शेजारच्या गाळ्याशी असलेली भिंत किती वेळ आग अडवते हा प्रश्न नव्याने, टॉयलेटची संख्या नव्याने.

एक गोष्ट मात्र सुटली. गाळा तळमजल्यावर होता आणि लादी सरळ जमिनीवर टेकलेली. वरच्या मजल्यावर असता तर वजनाचा प्रश्न आला असता, ऑफिसचा स्लॅब साधारण चौरस फुटाला ५० पौंडांच्या भाराने डिझाइन करतात आणि नाचाच्या हॉलला १०० धरतात, शिवाय सगळ्यांनी एकाच तालावर उड्या मारल्या की स्लॅब हलतो ते वेगळंच. वरचा मजला स्वस्तात मिळतोय म्हणून जिम किंवा डान्स क्लास काढायला निघालेल्यांनी आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला भेटावं, आर्किटेक्टला नंतर.

कुठले पर्याय होते

पहिला पर्याय मॅडमना सगळ्यात आवडला, तो म्हणजे आकडा ५० च्या खाली आणायचा. नाचाची जागा कमी करून २,००० चौरस फूट ठेवायची, म्हणजे ४० माणसं. ४०० फुटांचं स्टोअर, तिथे माणशी ३०० धरतात म्हणून २. ४०० फुटांचं ऑफिस, त्याचे ३. झाले ४५. सगळे खूश. पण उरलेल्या २०० फुटांत मॅडमना पालकांसाठी बसायची जागा हवी होती, आणि बसायच्या मोकळ्या जागेला माणशी १५ फूटच धरतात, म्हणजे आणखी १४. बेरीज ५९. सगळ्यात छोटा कोपरा, त्यानेच गणित उधळलं.

पालकांची जागा काढून टाका असं आर्किटेक्टने सुचवलं. मॅडमचं म्हणणं, "लहान मुलांच्या बॅच आहेत, आया तास-दीड तास कुठे उभ्या राहणार, फुटपाथवर?" त्यांचं चुकत नव्हतं. पण मला आजही वाटतं की बाकडी कमी करून आणि बसायची जागा निम्मी ठेवून हा पर्याय बसवता आला असता, १०० फुटांत सात माणसं म्हणजे बेरीज ५२, आणखी थोडं नाचाच्या जागेतून कापलं की ४९. फक्त मग कायमचं अगदी काठावर राहायचं, उद्या एक पार्टिशन हललं की पुन्हा तेच. त्यामुळे त्यांनी नको म्हटलं ते धंद्याच्या दृष्टीने समजण्यासारखं आहे.

दुसरा पर्याय, ५० च्या वर जायचं हे मान्य करून दुसरी वाट काढायची. मागच्या भिंतीपलीकडे मालकाचं आवार होतं, तिथून गल्ली, गल्लीतून रस्ता. दोन वाटा एकमेकींना चिकटून असून चालत नाहीत, एकीकडे आग लागली तर दुसरी मोकळी राहिली पाहिजे, म्हणून दोन्ही दारांमधलं अंतर जागेच्या कर्णाच्या निम्मं तरी लागतं आणि स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) असतील तर एक तृतीयांश. ४० बाय ७५ चा कर्ण ८५ फूट, बिल्डिंगला स्प्रिंकलर होते, म्हणजे २८-२९ फूट पुरे. आमची दारं गाळ्याच्या दोन टोकांना, तेव्हा तो प्रश्न आलाच नाही.

तिसरा पर्याय करार मोडून दुसरी जागा बघायचा. त्यावर बोलणं झालं, पण डिपॉझिट अडकलेलं, त्यामुळे फार पुढे गेलं नाही.

दुसरा पर्याय ठरला. आणि ठरताना एक गोष्ट चांगली झाली, काम सुरू करायच्या आधी आर्किटेक्टने सुधारलेला प्लॅन घेऊन परमिट ऑफिसात एक बैठक मागितली आणि फायरवाल्यांनाही तिथेच बोलवायला लावलं. तिथे मागच्या आवाराच्या फाटकाचा विषय निघाला. फाटकाला कुलूप असायचं, रात्री तर असायचंच, आणि क्लास रात्रीही चालणार. दार काढलं, माणसं बाहेर आली आणि कुलूप लावलेल्या आवारात कोंडली गेली तर त्या दाराचा उपयोग काय, वाट रस्त्यापर्यंत मोकळी पाहिजे. नकाशावर हे कोणाला दिसलं नव्हतं कारण आवार आमच्या प्लॅनच्या बाहेर होतं. मालकाकडून लेखी घ्यावं लागलं की फाटक आतून चावीशिवाय उघडेल असं करून देईन आणि वाटेत सामान ठेवणार नाही. मालकाला पटवायला वेळ गेला, तो म्हणायचा माझं आवार, माझं फाटक. त्याला शेवटी पटलं ते या गोष्टीने की वापर बदलाचं प्रमाणपत्र त्याच्या गाळ्याला मिळतंय, मॅडम गेल्या तरी ते राहणार.

काम आणि तपासण्या

तपासण्यांचा क्रम लोकांना सरकारी वाटतो पण त्यात एकच साधा विचार असतो, जे झाकलं जाणार ते झाकायच्या आधी बघायचं. म्हणून लादीखालचं प्लंबिंग सगळ्यात आधी, मग भिंतींचा सांगाडा आणि त्यातलं वायरिंग, पाइप, मग सीलिंगच्या वरचं, मग आग अडवणाऱ्या भिंती, आणि शेवटी फायनल. मंजुरी मिळेपर्यंत काम उघडं ठेवायची जबाबदारी परमिट घेणाऱ्याची असते आणि झाकलेलं उघडायला लागलं तर खर्चही त्याचाच.

पहिला भाग बिनबोभाट झाला. शॉवरसाठी लादी कापून चर काढला, पाइप टाकले, टोकं बंद करून १० फूट उंचीपर्यंत पाणी भरून १५ मिनिटं थांबायचं आणि पातळी उतरते का बघायचं, उतरली नाही, चर बुजवला. मागच्या भिंतीत दाराचं भगदाड पाडताना वरचा लिंटेल, म्हणजे भिंतीचं वजन पेलणारी आडवी तुळई, इंजिनीअरने सांगितल्याप्रमाणे टाकलाय का ते बघायला वेगळी तपासणी झाली. दाराबाहेर ६ इंचांची पायरी येत होती, तिथे १ ला १२ उताराने ६ फुटांचा रॅम्प केला.

पुढच्या काचेच्या दाराबद्दल सगळे उगाच घाबरले होते. ते दोन्ही बाजूंना उघडणारं होतं, पण कुलूप चावीचं. मागच्या दाराला पॅनिक बार बसवला, म्हणजे आडवी दांडी, अंगाने ढकललं की दार उघडतं. पुढच्यालाही तोच लावावा लागेल असं काँट्रॅक्टर म्हणत होता. कोडमध्ये मात्र ३०० माणसांपर्यंतच्या जागेच्या मुख्य दाराला चावीचं कुलूप चालतं, अट एवढीच की आत माणसं असताना ते उघडं राहील अशी पाटी दारावर हवी आणि कुलूप लागलंय की नाही हे बघताक्षणी कळायला हवं. पाटी आणि कुलपातला एक छोटा बदल, एवढ्यावर भागलं. कोणी "नियमच आहे" म्हटलं की कुठला नियम ते विचारायला लाजू नये.

गडबड झाली ती सीलिंगला. वायरिंग आणि एसीचे डक्ट होत आले होते, स्प्रिंकलरची हेड नव्या पार्टिशनप्रमाणे सरकवायचं काम मागे पडलेलं. सीलिंगवाल्यांची टोळी तेवढ्यात मोकळी झाली आणि पुढच्या आठवड्यात त्यांना दुसरी साइट होती. काँट्रॅक्टरचा मॅडमना फोन, "मॅडम, आरशाच्या बाजूचं सगळं झालंय, तेवढं बोर्ड मारून घेतो, परत ही माणसं महिनाभर मिळायची नाहीत. तपासणीवाले उरलेलं बघतील की." मॅडमनी विचारलं परवानगी लागते का, तो म्हणाला, "अहो फोटो काढून ठेवलेत ना." त्यांनी हो म्हटलं. आर्किटेक्टला विचारलं नाही, मला दुसऱ्या दिवशी साइटवर कळलं तेव्हा अर्ध्या गाळ्याला बोर्ड लागून फिनिशिंगची पट्टीही मारून झालेली.

हा या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण. पण इन्स्पेक्टर यायला अजून अवकाश होता, तेव्हा काय करायचं यावर चर्चा झाली. काँट्रॅक्टरचं म्हणणं, काही बोलू नका, आलेत की फोटो दाखवू. आर्किटेक्टचं म्हणणं, सगळे बोर्ड उतरवा. मी म्हटलं आधी फोन करून सरळ सांगू आणि विचारू की किती उघडलेलं चालेल. मॅडमना फोन करायची भीती वाटत होती, उगाच डोळ्यावर येऊ. शेवटी आर्किटेक्टनेच फोन केला.

इन्स्पेक्टर साहेबांनी फोटो बघितले. फोटोंत बोर्ड मारायच्या आधी खालून टिपलेल्या वायरी आणि डक्ट होते, कुठल्या खोलीतला फोटो हे कळायला मार्ग नाही, आणि शेजारच्या गाळ्याशी असलेल्या भिंतीचा, जी मंजूर प्लॅनमध्ये एक तास आग अडवणारी दाखवली होती, तिचा एकही नाही. ते म्हणाले ती भिंत जिथे सीलिंगच्या वर जाते तो पूर्ण पट्टा उघडा, आणि मधले मी सांगेन ते बोर्ड. चार-पाच ठिकाणं त्यांनी साइटवर येऊन हाताने दाखवली.

उघडल्यावर दोन गोष्टी निघाल्या. वायरिंगचा एक जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरींचे जोड असलेला डबा, पक्क्या सीलिंगच्या वर बंद झाला होता, त्याच्यापर्यंत पोचायला झडपच नाही, उद्या तिथे जोड गरम झाला तर कळणार कसं आणि उघडणार कसं. आणि शेजारच्या भिंतीतून डेटा केबलचा जुडगा आरपार गेला होता, भोवतीची फट पिवळ्या फोमने भरलेली. हा खिडकीच्या चौकटीभोवती मारतात तो साधा फोम, आगीत जळतो. तिथे फायरस्टॉपचा सीलंट लागतो, चाचणी झालेला, भिंतीच्या आणि केबलच्या प्रकाराला जुळणारा, आणि त्याचा डेटा शीट साइटवर दाखवावा लागतो. केबलवाल्याने ते आपलं काम समजलंच नव्हतं, काँट्रॅक्टरला वाटलं केबलवाला बघेल. आग अडवणाऱ्या भिंतीला भोक पाडणारे पाच जण असतात आणि ते बुजवणारा कोणीच नसतो, हे मी जवळपास प्रत्येक साइटवर बघतो.

पट्टा उघडा असतानाच स्प्रिंकलरवाल्याला बोलावून हेड सरकवून घेतली. त्यात एक बघायचं असतं, हेडच्या खाली १८ इंच मोकळे पाहिजेत, नाहीतर कपाट किंवा उंच पार्टिशन पाण्याचा फवारा अडवतं. स्टोअरमधली मांडणी छतापर्यंत काढली होती, तिचा वरचा खण काढावा लागला. मग दाबाची चाचणी, मग दुसरी फेरी, मंजूर, आणि मग पुन्हा सीलिंग. टोळी अर्थातच गेलेली होती, नवीन शोधावी लागली आणि जुन्या-नव्या बोर्डांचा सांधा लाइट लावला की आजही दिसतो.

शेवट कसा झाला

फायनलला फायरवाल्यांनी इमर्जन्सी लाइट तपासले, मेन बंद करून, ९० मिनिटं चालले पाहिजेत असा नियम. मागच्या दाराची दांडी स्वतः ढकलून बघितली, रॅम्पवरून चालत फाटकापर्यंत गेले आणि फाटकही उघडून बघितलं. तिथे सगळं ठीक निघालं. इमारतीच्या फायनलमध्ये मात्र एका चेंजिंग रूमच्या टाइल्स आणि एक बेसिन राहिलं होतं.

इथे शेवटचा निर्णय आला. भाडं चालू झालेलं, प्रवेश घेतलेल्या मुलांचे फोन चालू. तात्पुरतं भोगवटा प्रमाणपत्र मागायचं का सगळं संपवून एकदम पूर्ण घ्यायचं? आर्किटेक्टला तात्पुरतं नको होतं, त्याचा अनुभव असा की तात्पुरतं मिळालं की काँट्रॅक्टर गायब होतो. ते खरं आहे. पण राहिलेल्या गोष्टी जिवाशी संबंधित नव्हत्या, आणि तात्पुरतं मिळतं ते अशाच वेळी, म्हणजे उरलेलं काम चालू असताना लोक सुरक्षितपणे आत असू शकतील तेव्हा. फाटक राहिलं असतं तर मिळालं नसतं, आणि मागूही नये. ती चेंजिंग रूम बंद ठेवून मुदतीचं तात्पुरतं मिळालं. काँट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता पूर्ण प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मॅडमनी अडवून ठेवला, त्यामुळे तो गायब वगैरे झाला नाही.

पुन्हा करायचं असतं तर

भाडेकराराच्या आधी दोन कागद बघितले असते. एक, गाळ्याचं जुनं भोगवटा प्रमाणपत्र, त्यावर वापराचा वर्ग लिहिलेला असतो आणि आपला वापर त्यात बसतो का हे आर्किटेक्ट तिथल्या तिथे सांगतो. दुसरा, करारातलं भाडं सुरू व्हायचं कलम. ते तारखेला न बांधता परवान्याला किंवा प्रमाणपत्राला बांधायचं, सगळेच मालक ऐकतात असं नाही, पण काही जण थोडं भाडं तरी सोडतात. परमिट ऑफिसातली ती बैठक सुद्धा सहीच्या आधी मागता येते, फाटकाचा प्रश्न तेव्हाच निघाला असता आणि तेव्हा मालक जास्त गोड बोलत असतो.

काँट्रॅक्टरचे हप्ते टक्केवारीने लावलेले होते, ५० टक्के काम झालं की इतके वगैरे. त्यामुळे त्याला बोर्ड मारायची घाई, बोर्ड दिसतात, आतली मंजुरी दिसत नाही. हप्ते तपासणी पास होण्याला जोडले असते तर तो फोन आलाच नसता असं माझं मत आहे. मॅडमना दोष देणं सोपं आहे पण त्यांना त्या क्षणी विचारला गेला तो प्रश्न माणसं मिळण्याचा होता, तपासणीचा नव्हताच.

फोटो काढायचेच तर खोलीचं नाव लिहिलेला कागद आणि टेप फोटोत धरून, प्रत्येक भिंत वरपर्यंत. त्याने तपासणी टळत नाही, पण शंका आली तर कुठले दोन बोर्ड उघडायचे एवढं तरी कळतं. आणि फायरस्टॉपचं काम कोटेशनमध्ये एका माणसाच्या नावावर लिहून घ्यायचं, मग भोक कोणीही पाडो.

एक विषय अजून लटकलेला आहे. मॅडमना वर्षातून एकदा पालकांसाठी कार्यक्रम ठेवायचाय, स्टुडिओतच, खुर्च्या मांडून. सुट्या खुर्च्या मांडल्या की माणशी ७ चौरस फूट धरतात, म्हणजे नाचाच्या २,००० फुटांत २८६. दोन दारं, दोन टॉयलेट आणि भिंतीवर लावलेली कमाल माणसांची पाटी या आकड्याला पुरत नाहीत. त्यांना सांगितलंय की त्या दिवसापुरती वेगळी परवानगी मागा, खुर्च्यांचा नकाशा जोडून आणि ठरलेल्या संख्येपुरती, नाहीतर सरळ एखादा हॉल घ्या. त्यांनी अजून ठरवलेलं नाही.